थांबणारी आवृत्ती

मी हे लिहावं की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. आठवणी लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी काही केलेलं असतं, निदान त्यांचं वय तरी झालेलं असतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात शाळा संपवून पुढे शिकायला गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षा सोडल्या तर माझ्याजवळ सांगण्यासारखं फार थोडं आहे. ज्या साकवाबद्दल लिहितो आहे तो मी बांधला नाही. ज्या प्रोग्रामबद्दल लिहितो आहे त्यातली एक ओळही माझी नाही. म्हणून वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. पण वर्गात सर फळ्यावर उत्तर काढतात आणि खाली दोन रेघा ओढतात, तेव्हा बाकीची मुलं वह्या मिटतात आणि मला मात्र पाण्यात पडलेला भाताचा एक भारा दिसतो. तो दिसायचा थांबावा, एवढ्याचसाठी लिहितो आहे.

आमचं गाव पळसदरी स्टेशनात उतरून चालत गेलं की लागतं. घरं ओहळाच्या अलीकडे आणि बहुतेक खाचरं पलीकडे. पूर्वी पाण्यातूनच जायचे. मी हायस्कुलात असताना तिथे लोखंडी साकव झाला. पायाखाली पत्रा, दोन्ही बाजूंना लोखंडी जाळीच्या उंच भिंती, आणि डोक्यावर एका भिंतीपासून दुसरीपर्यंत फुलीसारख्या गेलेल्या पट्ट्या. लांबून बघितलं तर पिंजराच वाटायचा. त्या पट्ट्या माणसाचं डोकं लागू नये इतक्या वर होत्या. पण कापणीच्या दिवसांत आमच्याकडचं माणूस माणसाच्या उंचीचं राहत नाही. डोक्यावर भारा आला की ते दीडपट उंच होतं. भाऱ्याचा वरचा भाग पट्टीत अडकायचा, लोंब्या तुटायच्या, दाणे पाण्यात पडायचे. मग प्रत्येकाने गुडघे वाकवून, बदकासारखं चालत साकव ओलांडायचा.

कापणीला डोंगरावरच्या वाडीतून माणसं येत. त्यांत एक बाई होती. वयाने माझ्या आईपेक्षा लहान असावी. तिच्याइतका मोठा भारा पुरुषही उचलत नसत, आणि ती तो उचलून वर बोलतही असे. माझा काका कर्जतला रेल्वेच्या शेडमध्ये होता. गाडीला घाट चढवायला मागून इंजिनं लावतात, त्यांच्या दुरुस्तीवर त्याचं काम. गावात काहीही लोखंडी असलं की ते काकाचंच, असं सगळे धरून चालत. ती बाई त्याला ‘रेलवाल्या’ म्हणायची.

“रेलवाल्या,” ती एकदा साकवात वाकून, भाऱ्याखालून ओरडली, “तुझ्या पुलाला वरती कौलं घालनार हायेस काय?”

“कशाला गं?”

“मंग ही वाशे-आढी कशाला ठोकलीस? काढून टाक की. पाऊस तर खालनंच वाहतो.”

खाचरातले सगळे हसले. काकालाही हसू आलं, पण त्याला ते लागलं असावं. पुढच्या रविवारी तो शेडमधला लांब पाना घेऊन आला, जाळीच्या भिंतीवर घोड्यावर बसावं तसा बसला आणि एकेक पट्टी सोडवून खाली दिली. मीही तिथे होतो. खाली उभी असलेली माणसं त्याला चिडवत होती, “बघ हां, चुकून डबा सोडशील!” आणि तो वरून सांगत होता की बांधणाऱ्याने या पट्ट्या रंग उरला होता म्हणून लावल्यात. शेवटची पट्टी निघाली आणि ती बाई पूर्ण भारा घेऊन, ताठ मानेने, मुद्दाम हळूहळू साकव ओलांडून गेली. त्या दिवशी मला काकाचा अभिमान वाटला होता. काकूने त्या पट्ट्या अंगणात रोवून घोसाळ्यांच्या वेलाला मांडव केला. बोल्ट एका डब्यात घालून काकाने फळीवर ठेवले.

त्यानंतर दोन कापण्या झाल्या. काही झालं नाही. साकव उभा होता.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर मला उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षणासाठी एका कारखान्यात पाठवलं. तो कुंभिवलीजवळ, हमरस्त्याला लागून होता. तिथे लोखंडी शेडी आणि मनोरे बनत. मी पळसदरीहून खोपोलीच्या गाडीने जायचो आणि तिथून मिळेल त्या टेंपोने. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमागे एक थंड खोली होती आणि तिच्यात कॉम्प्युटर होता. खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पहिल्या दिवशी मी इतका घाबरलो होतो, की पायही धुऊन आत गेलो आणि फरशीवर ओले ठसे उमटले. तिथल्या साहेबांनी ते पाहिले. त्यांनी फक्त एक फडकं माझ्याकडे सरकवलं. ते साहेब चांगले होते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे.

तिथे लोखंडी चौकटींची गणितं करणारा एक प्रोग्राम होता. सांधे कुठे आहेत, कोणता दांडा कोणत्या सांध्यापासून कोणत्या सांध्यापर्यंत जातो, वजन कुठे येतं, एवढं टाइप करून दिलं की तो प्रत्येक दांड्यावर किती ताण येतो आणि प्रत्येक सांधा किती हलतो ते छापून देई. हाताने जे करायला आम्हाला आठवडा लागला असता ते चहा पिऊन येईपर्यंत होई. पण तो मध्येच थांबायचा. हिरवी अक्षरं पडद्यावर सरकता सरकता अडायची आणि इंग्रजीत एक ओळ उमटायची. तिचा अर्थ असा: चौकट अस्थिर, पुढे जाता येत नाही. त्यानंतर काही नाही. एक लहानशी खूण नुसती लुकलुकत राहायची.

ऑफिसात या प्रोग्रामला ‘म्हातारा’ म्हणत. तो पूर्वी तिथे असलेल्या कुणीतरी लिहिला होता आणि तो माणूस आता कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. “बसला म्हातारा,” असं कुणी म्हटलं की सगळ्यांना कळायचं. तो कशानेही बसायचा. आकडा चुकला तरी बसायचा, सांधे फार झाले तरी बसायचा, विजेचा दाब खाली गेला तरी बसायचा, आणि दर वेळी ओळ तीच. त्यामुळे ती ओळ कुणी वाचतच नसे. शिवी घालून पुन्हा टाइप करत.

मी गेलो त्याच महिन्यात मुंबईहून नवी आवृत्ती आली. ऑफिसात सगळे ‘नवं व्हर्जन’ म्हणत. एका गोल डब्यात टेपचं चक्र आणि बरोबर एक पातळ पुस्तिका. पुस्तिकेत नवीन सोयी दिल्या होत्या. आता पडद्यावर चौकटीचं चित्र दिसणार होतं. वजन सांध्यावरच नव्हे तर दांड्यावर कुठेही टाकता येणार होतं. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सांधे चालणार होते. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य होतं की प्रोग्राम मध्येच थांबण्याच्या सर्व तक्रारी या आवृत्तीत दूर केल्या आहेत.

साहेबांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. “म्हातारा निवृत्त झाला,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, “विद्यार्थी, तुमच्यासाठी काम आलं.”

काम असं होतं की जुनी गणितं दोन्ही आवृत्त्यांना द्यायची आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. मला ते काम फार आवडलं. मी शेवटच्या आकड्यापर्यंत ताडून बघायचो. दोन वेगळ्या प्रोग्रामांनी एकच उत्तर दिलं की मला आतून शांत वाटायचं. जगात काहीतरी आपल्यावर अवलंबून नसलेलं, पक्कं असं आहे, असं वाटायचं. आमच्या घरी असं काही नव्हतं. पाऊस, भाव, तब्येत, सगळंच कुणाच्या तरी मर्जीवर.

जुनी गणितं संपली तेव्हा साहेब म्हणाले, “आता तुमच्या मनाने एखादं द्या.” मला आमच्या साकवाशिवाय काय सुचणार? रविवारी मी काकाची टेप घेऊन तो मोजला आणि सोमवारी टाइप केला. आधी सरकारने बांधला तसा, वरच्या पट्ट्यांसकट. दोन्ही आवृत्त्यांची उत्तरं जुळली. मग मला वाटलं, हे खरं नाही. आमचा साकव असा नाहीच. म्हणून वरच्या पट्ट्यांच्या ओळी पुसून मी तो पुन्हा दिला.

म्हातारा थांबला. चौकट अस्थिर, पुढे जाता येत नाही.

मला वाटलं आकडा चुकला. सगळं तपासून पुन्हा दिला. पुन्हा तीच ओळ. मग तेच नव्या आवृत्तीला दिलं. ती क्षणभर विचार करते आहे असं वाटलं आणि मग सरळ आकड्यांचे रकाने छापू लागली. कुठे अडली नाही. ताण बेताचे होते, सांधे जरासे हलत होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. आणि पडद्यावर आमचा साकव उमटला, हिरव्या रेघांचा, वरून उघडा. गावातली एक वस्तू त्या थंड खोलीत अशी समोर आलेली पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी म्हाताऱ्याचा कागद पुन्हा शेजारी ठेवून बघू लागलो.

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही कागद पाहिले.

“हाच तर फायदा आहे,” ते म्हणाले. “म्हातारा बसला तिथे हा चालतोय.”

“सर, पण म्हातारा का बसला?”

ते खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला समजावून सांगितलं. सगळं वजन तोलणाऱ्या या भिंतींच्या वरच्या सांध्यांना बाजूने धरणारं काहीच उरलेलं नाही. मग समीकरणांना उत्तरच राहत नाही. म्हातारा तिथे हात टेकतो. नवी आवृत्ती अशा सांध्याला आपल्या पदरचा एक छोटासा आधार देते. एखादी कल्पनेतली स्प्रिंग समजा. ती अगदी नाजूक असते, उत्तरात फरक पडत नाही, पण गणित पुढे जातं.

“आणि तो आधार खऱ्या पुलात कुठे असतो?”

“खऱ्या पुलात पट्ट्या असतात हो. त्या टाइप करायच्या राहिल्या म्हणून तर ही वेळ येते. खऱ्या पट्ट्या कोण काढेल?”

मी म्हटलं, “सर, आमच्या गावाने काढल्यात.”

साहेब हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. कशाला काढल्या ते मी सांगितलं, भाऱ्यांचं, लोंब्यांचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “परत बसवा. याला कॉम्प्युटर कशाला लागतो?” थोड्या वेळाने, बहुधा माझा चेहरा बघून, त्यांनी असंही सांगितलं की प्रत्यक्षातले सांधे कागदावरच्यासारखे मोकळे नसतात, बोल्ट घट्ट असतात, गंजसुद्धा थोडं धरून ठेवतो. तेव्हा साकव उभा राहीलही. किती दिवस, हे मात्र ते सांगू शकत नव्हते. म्हातारा सांगत नव्हता आणि नवी आवृत्तीही सांगत नव्हती.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरळ काकाच्या अंगणात गेलो. शेजारचे दोघेतिघे तिथे बसलेले होते. मी जमेल तसं सांगितलं. त्यांच्या भाषेत सांगू लागलो तर गणित निसटायचं आणि गणिताच्या भाषेत सांगू लागलो तर माणसं निसटायची.

“काय रं इंजिनेर,” काका म्हणाला, “नवीन मशीन काय म्हनतं? पडंल का ऱ्हाईल?”

“मशीन एकच आहे. त्यातला प्रोग्राम नवा आहे. तो म्हणतो, राहील.”

“आनि जुना?”

“जुना काहीच म्हणत नाही. थांबतो.”

“थांबतो?”

“हो. पुढे जात नाही.”

“जेवाय गेला असंल,” एक शेजारी म्हणाला आणि सगळे खो खो हसले. “अरं, नवा बोलतोय तर त्याचं ऐक की. येवढी फी भरून तुला जुनं शिकवलं व्हय कालेजात?”

“दोन कापन्या काढल्यात त्यानं,” दुसरा म्हणाला. “काल म्हशी गेल्यात वरनं. म्हशीला इच्यार तुझ्या.”

मीही हसलो. न हसणं बरं दिसलं नसतं. काकूने आतून सांगितलं की तिने कालच घोसाळ्याच्या बिया टोचल्यात, मांडवाला कुणी हात लावायचा नाही. विषय तिथे संपला.

पावसाळ्यात मी होस्टेलवर होतो. साकव माझ्याबरोबर आला होता. जेवताना, कपडे धुताना, मला तो हिरव्या रेघांचा दिसायचा आणि त्यावरून माणसं चालायची. माणसं काळी, साकव हिरवा. मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? एका प्रोग्रामने उत्तर दिलं आणि एकाने दिलं नाही.

गणपतीत घरी आलो तेव्हा आधी कुंभिवलीला गेलो. म्हाताऱ्याला पुन्हा एकदा तेच गणित घालायचं माझ्या मनात होतं. या वेळी एकेक पट्टी ठेवून बघणार होतो. निदान दोन पट्ट्या परत लावल्या तर तो चालेल का, एक लावली तर चालेल का. सगळ्या नको असतील तर गाव दोन तरी लावू देईल. साहेबांनी मला ओळखलं, चहा मागवला.

“म्हातारा नाही आता,” ते म्हणाले. “डिस्कवर जागा लागते हो. काढून टाकला.”

“टेपवर असेल ना सर?”

“त्या टेपवर दुसरं भरलं. आणि कशाला हवाय? या तीन महिन्यांत हा एकदाही थांबला नाही.” ते खरंच समाधानाने सांगत होते.

मी त्या थंड खोलीच्या दारातून आत पाहिलं. यंत्र तसंच घरघरत होतं. पण मला वाटलं की कुणीतरी तिथून उठून गेलं आहे. प्रोग्राम म्हणजे शेवटी आकडेच, हे मला कळतं. तरी मला तसं वाटलं. आणि मग एक विचार आला तो अजून गेलेला नाही. पुस्तिका फक्त याच कारखान्यात आलेली नव्हती. कुठे कुठे ती पोचली असेल, तिथे सगळीकडे जे पूर्वी थांबत होतं ते आता थांबत नव्हतं.

काकाच्या अंगणात मांडव घोसाळ्यांनी भरून गेला होता. पट्ट्या दिसतही नव्हत्या. पिवळी फुलं आणि लोंबणारी फळं. मी तिथे उभा होतो, काका मागून आला. या वेळी कुणी नव्हतं.

“जेवत नाईस म्हनं.”

“जेवतो की.”

“तुझी आय सांगत व्हती. त्या पुलाचं घेऊन बसलास?” मी वेल बाजूला सारून पट्टी शोधू लागलो. त्याने मिशी चाचपली. “मला तुझं त्ये मशीन कळत नाय. नवं कळत नाय नि जुनं बी कळत नाय. पर तू असा वाळलास तर तुझा बा माझ्या डोक्यावर बसंल. घोसाळी उतरू दे. दसऱ्याला चढवतो पट्ट्या. मंग झालं?”

काकू लगेच दारात आली. “आनि मांडवाला काय लावू? तुमचं पाय?”

“बांबू लावतो गं.”

“बांबू कुजतो.”

“मंग माझं पाय लाव!”

त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

दसरा गेला. कापणी सुरू झाली असेल असा हिशेब मी करत होतो. एका सकाळी होस्टेलच्या वॉचमनने हाक मारली आणि खाली फाटकाशी काका उभा होता, रेल्वेच्या खाकी कपड्यांत, हातात पिशवी. तो होस्टेलवर कधी आला नव्हता. पिशवीत काकूने दिलेली घोसाळी होती, शेवटची, जून झालेली. ती होस्टेलवर कोण शिजवणार, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो.

“चढवाय गेलो पट्ट्या,” तो म्हणाला. “एका बाजूचं बोल्ट बसलं. दुसऱ्या बाजूचं भोक जुळंना. दोन बोटं फरक. म्हटलं, पट्टी वाकली. दुसरी घेतली. ती बी जुळंना. तिसरी घेतली.” तो थांबला. “पट्टी नव्हती रं वाकली.”

मला समजलं. भिंती वरून बाहेर कलल्या होत्या. गवगवा न करता, दोन कापण्यांत, एकेक भाऱ्याने.

“मंग मी खाली उतरलो नि दोन्ही तोंडांला बोरीच्या काट्या टाकल्या. लोकांनी काय शिव्या दिल्या सांगू तुला. ऐन कापनीत पूल बंद. म्हनाले, रेलवाल्यानं फाटक लावलं. तरी गेले बिचारे पान्यातनं. बेस्तरवारी दुपारी जेवनाच्या टायमाला गेला पूल.”

“आवाज?”

“नाय रं. म्हस बसते तसा बसला. एका अंगावर. आमी पळत गेलो.”

“कोण होतं?”

“कोन नाय. घरोघरी इच्यारलं. सगळं गाव जाग्यावर.” त्याने पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. “पर पलीकडच्या तोंडाची काटी बाजूला केलेली व्हती. नि पान्यात एक भारा व्हता.”

“कुणाचा?”

“कोन म्हनत नाय माझा. आमचं लोक पेंढ्याची वेठ वळून भारा बांधतात. हा पळसाच्या वाखानं बांधलेला.”

पळसाच्या मुळांचा वाख काढून दोर वळतात ते डोंगरावरच्या वाडीतले. गावात ते कुणाला येत नाही.

“मोठा होता?” मी विचारलं.

काकाने माझ्याकडे पाहिलं नाही. “दोघांनी काढला आमी पान्यातनं,” तो म्हणाला.

वाडीवरची माणसं त्या दुपारनंतर कापणीला आली नव्हती. गावाने स्वतःची सगळी माणसं शोधली होती. वाडीवरच्यांना शोधायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते काकाच्या डोक्यात आलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. तो वाडीवर गेला. मोठा भारा उचलणाऱ्या त्या बाईची झोपडी बंद होती. शेजारच्यांनी सांगितलं, विटांच्या भट्टीवर गेली कामाला. कुठल्या भट्टीवर, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ओहळात खालपर्यंत शोधलं, काही मिळालं नाही. पाणी कमरेच्या वर कुठेच नव्हतं, पण लोखंडाखाली काय आहे ते कुणाला बघता येत नव्हतं.

दिवाळीत मी गेलो तेव्हा साकव तसाच पडलेला होता. कुणी तो उचलायला आलेलं नव्हतं. काठावर तो भारा होता. दुसऱ्याचा भात कोण झोडणार, म्हणून कुणी त्याला हात लावला नव्हता. भिजलेल्या लोंब्यांतून कोंब फुटले होते. सगळी खाचरं कापून पिवळी पडलेली आणि तो एक भारा हिरवागार. त्या पडद्यावरच्या रेघांसारखा हिरवा. मी तिथे फार वेळ उभा राहू शकलो नाही.

काका सुट्टी मिळेल तेव्हा वाडीवर जात राहिला. खाकी कपडे बघून पोरं पळायची, बाया आत जायच्या. मग तो धोतर नेसून जाऊ लागला. तरी कुणी काही सांगेना. भट्टीवर गेली, एवढंच. काकू म्हणायची, “आता तरी बस कर.” तो बस करत नव्हता. मी अभ्यास करत होतो, सहामाहीत पासही झालो. पण त्या थंडीत मला रोज वाटायचं की कुठेतरी एक खूण लुकलुकते आहे आणि तिच्यापुढे काही उमटत नाही.

शिमग्याला घरी यायला निघालो. कर्जतला गाडी बदलायची होती. उतरलो तर काका फलाटावर उभा होता, हात ऑइलने काळे, शेडमधून सरळ आलेला. मी येणार हे त्याला आईकडून कळलं असावं. मला बघून त्याने लांबूनच हात वर केला.

“जित्ती हाय,” तो म्हणाला. आधी काही नाही, नंतर काही नाही.

मागे गाडीला इंजिन लावत होते, त्या धक्क्याने सगळे डबे हलले. काका मला ओढून बाजूला घेऊन गेला आणि सांगू लागला. आदल्या दिवशी सकाळी ती आपणहून खाली आली होती. घरात आली नाही, अंगणातल्या मांडवाशीच उभी राहिली. डावा हात कोपरातून वाकडा जुळलेला. त्या दुपारी मजुरीत मिळालेला भारा घेऊन पाण्यातून जायचा तिला कंटाळा आला. काटी पायाने सारली आणि ती साकवावर चढली. अर्ध्यावर गेली तेव्हा पायाखालचं लोखंड हललं. तिने भारा टाकला, स्वतः पाण्यात पडली, उठली आणि मागे न बघता डोंगर चढून गेली. त्याच संध्याकाळी माहेरी, घाटापलीकडे. वाडीला तिनेच सांगितलं होतं की कुणी विचारलं तर भट्टीवर गेली म्हणून सांगा.

“का पण?” मी म्हणालो. “लपली कशाला?”

“तिला वाटलं, सरकारचा पूल तिनं मोडला.” काकाने हात पँटला पुसले. ते पुसले गेले नाहीत. “सगळी तिच्या भाऱ्याला हसायची ना रं. मी बी हसायचो. कालबी तिथंच उभी ऱ्हाऊन इच्यारलं तिनं मला. रेलवाल्या, माझ्याच भाऱ्यानं मोडला ना?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, नाय गं बाय, तुझ्या नाय. पट्ट्या दाखवल्या, भोकं दाखवली. तुझ्या मशीनचं बी सांगितलं, जमंल तसं.” माझी गाडी लागली होती. तो माझी पिशवी उचलून डब्यापर्यंत आला आणि खिडकीतून ती माझ्या हातात देत म्हणाला, “पर तिला काय पटलं नाय रं.”